सेंट लुईसची माणसं, सेंट लुईसचे पेपर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या एका उत्तरात मी जाता जाता लिहून गेले होते, की अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या आमच्या सेंट लुईसची नामवंत माणसं मोजायला बसलं तर निम्मी गाव सोडून पळालेली निघतात, आणि तरी आम्ही त्यांच्या नावाचे तारे फुटपाथवर मिरवतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर मिसिसिपीच्या काठालाच देऊन टाकते. व्हिसा, आरोग्यविमा आणि लोणच्याचं पार्सल यांबद्दल ज्यांनी विचारलं आहे त्यांनी महिनाभर धीर धरावा.

ताई, फुटपाथवरचे तारे तर हॉलिवूडला असतात ना? तुमच्या गावात कुठून आले? – एक वाचक, डोंबिवली

हॉलिवूडवरून उचललेलीच कल्पना आहे, नाही कशाला म्हणू? डेलमार नावाचा आमचा एक रस्ता आहे. तिथे जो एडवर्ड्स या हॉटेलवाल्याने १९८९ साली पहिले पितळी तारे बसवले. फरक एवढाच, की हॉलिवूडच्या ताऱ्यावर नुसतं नाव असतं, इथे ताऱ्याखाली पितळेची एक पाटी असते आणि त्या माणसाने काय केलं ते चार-सहा ओळींत कोरलेलं असतं. त्यामुळे डेलमारवरून कुणी सरळ चालत नाही. माणसं मान खाली घालून वाचत वाचत जातात आणि एकमेकांवर आदळतात. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाटीवरच्या अक्षरांच्या खाचेत जाऊन बसतं, आणि मार्चमध्ये बघावं तर 'जन्म' स्वच्छ वाचता येतो, 'मृत्यू' पांढरा झालेला असतो.

तारा मिळायचा तर माणूस इथे जन्मलेला तरी हवा, नाहीतर त्याची घडणीची वर्षं इथे गेलेली हवीत. नियम सैल आहे, आणि आम्ही तो आणखी सैल करतो. जॅझवाला माइल्स डेव्हिस नदीपलीकडे, इलिनॉय राज्यात वाढला, तरी तो आमचा. लेखिका माया अँजेलू १९२८ मध्ये इथे जन्मली आणि तीन वर्षांची असताना तिला आजीकडे आर्कान्सॉला पाठवून दिलं, तरी ती आमची. नर्तकी-गायिका जोसेफिन बेकर १९०६ साली इथल्या गरिबीत जन्मली, किशोरवयातच निसटली, पॅरिसने तिला डोक्यावर घेतलं आणि २०२१ मध्ये फ्रान्सने तिला पँथेऑनमध्ये, म्हणजे थोरामोठ्यांच्या समाधिमंदिरात, मानाची जागा दिली. तीसुद्धा आमचीच. परत आल्या त्या लेखिका केट शोपँ. इथेच जन्मल्या, लग्न होऊन लुइझियानात गेल्या, वैधव्य आल्यावर १८८४ मध्ये मुलंबाळं घेऊन माहेरच्या गावी आल्या आणि लिहू लागल्या. १९०४ च्या ऑगस्टमध्ये जागतिक प्रदर्शन बघायला भर उन्हात गेल्या, तिथून येऊन आजारी पडल्या आणि दोन दिवसांत गेल्या. गावी परत येण्याचं बक्षीस म्हणायचं का हे?

आमच्या वाचनकट्ट्यावर मिसळीची पैज लागली आहे. पत्रकारितेचं नावाजलेलं पुलित्झर पारितोषिक न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ देतं, म्हणजे पुलित्झर न्यूयॉर्कचाच, असं आमचे अध्यक्ष म्हणतात. निकाल द्या. – दोन वाचक, पुणे

अध्यक्षांनी मिसळ द्यावी, सोबत ताकही.

जोसेफ पुलित्झर १८४७ साली हंगेरीतल्या माको गावात जन्मला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि सैन्याला माणसं हवी होती, तेव्हा १८६४ मध्ये तो भरती होऊन आला. युद्ध संपलं, नोकरी संपली, आणि खिशात दमडी नसताना पोरगा सेंट लुईसला पोचला. कारण एकच, इथे जर्मन बोलणारी वस्ती मोठी होती आणि त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. नदी ओलांडायला पैसे नव्हते म्हणून त्याने फेरीबोटीच्या भट्टीत कोळसा लोटून भाडं फेडलं, असं सांगतात. मग खेचरं सांभाळ, हॉटेलात ताटं उचल, असले उद्योग.

त्याचं खरं शिक्षण झालं मर्कंटाइल लायब्ररीत. १८४६ साली व्यापाऱ्यांनी काढलेलं हे वाचनालय आजही चालू आहे, आता विद्यापीठाच्या आवारात आहे. पुलित्झर तिथे इंग्रजी वाचत बसे आणि कंटाळा आला की बुद्धिबळ खेळे. त्याच बुद्धिबळाच्या टेबलाशी 'वेस्टलिशे पोस्ट' या जर्मन वर्तमानपत्राच्या मालकांशी त्याची ओळख झाली. पहिल्या बातमीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. एका दलालाने चाळीसेक बेकारांकडून पाच-पाच डॉलर घेतले, लुइझियानात साखरेच्या मळ्यावर काम देतो म्हणाला, बोटीत बसवलं आणि गावाबाहेर काही कोसांवर उतरवून बोट चालती झाली. सगळे पायी परत आले. त्यांत पुलित्झर होता. त्याने ते लिहून काढलं आणि जर्मन पेपराने छापलं. १८६८ मध्ये तो तिथे बातमीदार म्हणून चिकटला.

पुढे दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १८७८ रोजी, कर्जात बुडालेला 'डिस्पॅच' नावाचा पेपर कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलावात निघाला. पुलित्झरने तो २,५०० डॉलरला घेतला, डोक्यावरच्या कर्जासकट, आणि तीन दिवसांत 'पोस्ट' या दुसऱ्या पेपराशी जोडून टाकला. झाला 'पोस्ट-डिस्पॅच'. पहिल्या वर्षातच त्याने गावातल्या बड्या धेंडांनी कर भरताना आपली मालमत्ता किती दाखवली, ते नावानिशी छापलं. वाड्यात राहणाऱ्यांच्या नावापुढे चिंचोके. तुम्हीच सांगा, असला पेपर गल्लीतल्या कोणत्या वाण्याने विकत घेतला नसता?

शत्रूही तसेच झाले. ऑक्टोबर १८८२ मध्ये एक चिडलेला वकील पेपराच्या कचेरीत घुसला आणि संपादक जॉन कॉकरिलने त्याला गोळी घातली. वकील जागीच गेला. कॉकरिलवर खटला उभा राहिला नाही, पण गावाचं मन पेपरावरून उडालं, खप पडला. पुढच्याच वर्षी पुलित्झरने ३,४६,००० डॉलर मोजून न्यूयॉर्कचा 'वर्ल्ड' घेतला आणि तिकडचा झाला. म्हणजे अध्यक्षांचं अगदीच चूक नाही, तो मेला न्यूयॉर्ककर म्हणून. पण मिसळ चुकत नाही. कारण 'पोस्ट-डिस्पॅच' त्याने विकला नाही. मुलगा, मग नातू असं करत तो २००५ पर्यंत घरात राहिला, आणि त्या वर्षी ली एंटरप्रायझेस या साखळीने सगळी पुलित्झर कंपनी १.४६ अब्ज डॉलरला घेतली.

पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. जिल्हा पातळीच्या पेपरात काम करून कुणी मोठी बातमी देऊ शकतं का? आमचे सर म्हणतात मुंबई-दिल्लीशिवाय गत्यंतर नाही. – एक वाचक, कोल्हापूर

सरांना कार्लोस हर्डची गोष्ट सांग. 'पोस्ट-डिस्पॅच'चा साधा बातमीदार. एप्रिल १९१२ मध्ये बायकोला घेऊन रजेवर निघाला, भूमध्य समुद्राची सफर करायला. बोटीचं नाव कार्पेथिया. रात्रीतून बोट वळली आणि सकाळी टायटॅनिकमधून वाचलेली माणसं तिच्यावर चढू लागली.

जगातली सगळ्यात मोठी बातमी, आणि तिथे हजर असलेला बातमीदार हा एक सेंट लुईसचा. कप्तानाने बजावलं, प्रवाशांना त्रास द्यायचा नाही. बिनतारी यंत्र वापरू देईना, कागदही देईना. नवरा-बायकोने मिळेल त्या चिटोऱ्यावर, अगदी संडासातल्या कागदावरही, लिहून घेतलं. कुणी जप्त करू नये म्हणून कॅथरीन हर्ड खोलीत त्या कागदांवर बसून राहायच्या. न्यूयॉर्क जवळ आलं तेव्हा पुलित्झरच्याच 'वर्ल्ड'चा माणूस छोटी बोट घेऊन आडवा आला. हर्डने मजकूर सिगारच्या खोक्यात भरला, खोकं बुडू नये म्हणून त्याला शॅम्पेनची बुचं बांधली आणि वरून फेकलं. ते खालच्या डेकवरच्या दोरांत अडकलं, एका खलाशाने सोडवून पुढे भिरकावलं. प्रवासी धक्क्यावर उतरायच्या आत बातमी छापखान्यात.

हे नशीब म्हणशील. असेल. म्हणून मला हर्डचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. २ जुलै १९१७ रोजी नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईसमध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची घरं पेटवली आणि बाहेर पडणाऱ्यांना मारलं. सरकारी आकडा ३९ कृष्णवर्णीय आणि ९ गोरे. खरा आकडा त्याहून बराच मोठा मानतात. हर्ड त्या संध्याकाळी तिथे रस्त्यावर उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने डोळ्यांदेखत पाहिलेलं नाव न झाकता लिहिलं: ही दोन बाजूंची मारामारी नव्हे, एका बाजूने खेळासारखी केलेली शिकार होती, अशा अर्थाचं. पळालेली कुटुंबं ईड्स पुलावरून सेंट लुईसमध्ये येत होती, आणि अलीकडच्या काठावर अकरा वर्षांची जोसेफिन बेकर होती. ती जन्मभर त्या आगीबद्दल बोलत राहिली. टायटॅनिकसाठी समुद्रात जावं लागलं, या बातमीसाठी नुसता पूल ओलांडायचा होता. तो ओलांडायला किती बातमीदार गेले असते?

कोल्हापूरला पंचगंगेवरही पूल आहे म्हणावं.

मी एम.ए.ला इंग्रजी शिकवते. टी. एस. एलियट हा इंग्लिश कवी असं पाठ्यपुस्तकात आहे. तुम्ही त्याला सेंट लुईसचा म्हणता! आणि मग त्याच्या 'द वेस्ट लँड' कवितेच्या शेवटी 'शांतिः शांतिः' कुठून आलं? – एक प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

बाई, दोन्ही खरं. १९२७ मध्ये त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, पण जन्म २६ सप्टेंबर १८८८ चा, सेंट लुईसमधल्या लोकस्ट स्ट्रीटवरचा. आजोबा विल्यम ग्रीनलीफ एलियट हे इथले धर्मोपदेशक, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी एक. वडील विटांच्या कंपनीत. सेंट लुईसची जुनी वस्ती पाहिलीत तर लाल विटांशिवाय काही दिसणार नाही, तेव्हा कवीची फी कशातून भरली गेली ते समजायला फार कल्पनाशक्ती नको. पोरगा १९०५ मध्ये पुढच्या शिक्षणाला मॅसॅच्युसेट्सला गेला आणि राहायला परत आला नाही.

पण काय काय घेऊन गेला बघा. त्याच्या सुप्रसिद्ध कवितेतला तो प्रूफ्रॉक, त्या आडनावाच्या माणसाचं फर्निचरचं दुकान सेंट लुईसमध्ये होतं. त्याच्या उतारवयातल्या कवितेत नदी तपकिरी रंगाचा दांडगा देव होऊन येते, ती टेम्स नाही. टेम्स तशी रागावत नाही. आमची मिसिसिपी रागावते, १९९३ चा पूर पाहिलेल्या कुणालाही विचारा.

'शांतिः'चं उत्तर हार्वर्डमध्ये आहे. तिथे तो चार्ल्स लॅनमन यांच्याकडे संस्कृत शिकला. बृहदारण्यक उपनिषदातली 'द-द-द'ची गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल: प्रजापती एकच अक्षर उच्चारतो, देव त्याचा अर्थ दाम्यत (संयम ठेवा) घेतात, माणसं दत्त (दान द्या), असुर दयध्वम् (दया करा). एलियटने १९२२ च्या या कवितेत क्रम फिरवला, आधी दत्त, मग दयध्वम्, शेवटी दाम्यत. वर्गात विचारण्याजोगा प्रश्न आहे, का फिरवला असेल? मला विचारू नका, मी कविता वाचणारी बाई आहे, समजणारी नव्हे.

युक्लिड आणि मॅकफर्सन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आता लेखकांचे अर्धपुतळे आहेत. एलियट, केट शोपँ, टेनेसी विल्यम्स, विल्यम बरोज. टेनेसी विल्यम्सला हे गाव मनापासून नावडतं होतं, आणि त्याला पुरलं मात्र इथेच.

मी सून होऊन सातारहून इथे चेस्टरफील्डला आले. ऑफिसात, शेजारी, दवाखान्यात, जो तो विचारतो, "कुठल्या हायस्कूलला होतीस?" मी इथली नाही हे दिसतंय ना? – एक वाचक, सेंट लुईस

अगं, हा गावाचा कुलाचार आहे. आपल्याकडे कसं, नवा माणूस भेटला की "आडनाव काय? मूळ गाव कुठलं?" या दोन प्रश्नांत समोरच्याची सगळी कुंडली मांडून होते, तसंच हे. शाळेच्या नावावरून इथल्या माणसाला कळतं तुम्ही कॅथलिक की नाही, पैसेवाले की बेताचे, उत्तरेचे की दक्षिणेचे, आणि स्पष्टच बोलायचं तर, गोरे की काळे. १८७६ मध्ये सेंट लुईस शहराने आपल्या जिल्ह्यापासून काडीमोड घेतला. आज त्या जिल्ह्यात सुमारे ९० छोट्या नगरपालिका आहेत, काही तर चार गल्ल्यांच्या. माणूस कुठल्या खोपटातला, हे शाळाच सांगते.

आता ही शाळा बघ: समनर हायस्कूल, १८७५, मिसिसिपीच्या पश्चिमेकडची कृष्णवर्णीय मुलांची पहिली माध्यमिक शाळा. व्हिल नावाच्या भागात आहे. रॉक-अँड-रोल गायक चक बेरी तिथला, टेनिसपटू आर्थर अ‍ॅश तिथला, विनोदवीर डिक ग्रेगरी तिथला, गायिका टीना टर्नर तिथली. एका शाळेत इतके कसे? कारण इतरत्र घरंच मिळत नव्हती. डॉक्टर, शिक्षक, वकील, हमाल, सगळ्यांची मुलं त्याच शाळेत. घर विकताना 'काळ्या माणसाला विकणार नाही' असा करार कागदावर असे. लाबाडी अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका घरावरून शेली कुटुंब सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९४८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, असले करार सरकारी कोर्टांनी राबवायचे नाहीत.

तू आपली बेधडक साताऱ्याच्या शाळेचं नाव सांग. मी "कन्याशाळा, सांगली" असंच सांगते. समोरचा दोन क्षण विचारात पडतो, बहुधा ती मुलींची कॅथलिक शाळा आहे असं समजतो आणि आदराने मान हलवतो.

चक बेरी आणि आमच्या केसरबाई एकाच रेकॉर्डवर आहेत, असं मुलगा म्हणतो. थट्टा करतो का? – एक वाचक, फोंडा

थट्टा नाही. मुलाचे कान न ओढता त्याला लाडू द्या.

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, परग्रहावर कुणी असलंच तर त्यांना ऐकवायला. जगभरातल्या २७ संगीतरचना निवडल्या. त्यांत भारतातून एकच: केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, 'जात कहाँ हो'. आणि अमेरिकेतून ज्या थोड्या आहेत त्यांत चक बेरीचं 'जॉनी बी. गुड'. केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या, दुसरं यान सुटून दोन आठवडेही झाले नव्हते.

चक बेरी हा मात्र गाव न सोडणाऱ्यांतला. १८ ऑक्टोबर १९२६ चा जन्म, मृत्यू मार्च २०१७, तोही सेंट लुईसजवळच्याच घरात. जग फिरला आणि परत परत आला. १९९६ ते २०१४ या काळात डेलमारवरच्या ब्लूबेरी हिल या हॉटेलच्या तळघरात तो महिन्याला एकदा गायचा, एकूण २०९ कार्यक्रम. बुटकं छत, दाटीवाटीने माणसं, बीअरचा वास, आणि समोर सत्तरी-ऐंशीचा माणूस गिटार छातीशी धरून एका पायावर. बोटं हवी तिथे पडत नसत, शब्द विसरायचा, आणि पोरं ते शब्द खालून ओरडून सांगायची. २०११ मध्ये समोरच त्याचा पुतळा बसवला तेव्हा विरोधही झाला, कारण तो तीनदा तुरुंगात जाऊन आला होता. मला विचाराल तर दोन्ही गोष्टी पाटीवर लिहाव्यात. पितळ पुरेल.

लहानपणी मी चोरून ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचो. अमेरिकेत असं काही होतं का? – एक निवृत्त पोस्टमास्तर, नगर

होतं की! आणि त्याचं माहेरघर सेंट लुईसच. केएमओएक्स हे रेडिओ केंद्र १९२५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सुरू झालं. ताकद ५०,००० वॅट. रात्री मध्यम लहरी आकाशातल्या थरावर आपटून पार लांब उतरतात, तुम्ही नगरला बसून रात्री सिलोन पकडत असाल तसंच. त्यात १९५५ पर्यंत सेंट लुईसच्या पश्चिमेला मोठ्या लीगचा बेसबॉल संघच नव्हता. त्यामुळे आर्कान्सॉ, ओक्लाहोमा, टेनेसी इथली शेतकऱ्यांची पोरं सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाची भक्त झाली, मैदान जन्मात न बघता.

आवाज दोन. हॅरी केरी, १९४५ ते १९६९. मग तो शिकागोला गेला (हो, तोही). आणि जॅक बक, जो राहिला. खरखरीत, किंचित थट्टेखोर आवाज. १९८५ मध्ये कार्डिनल्सच्या ऑझी स्मिथने अनपेक्षित होमरन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, मारला तेव्हा बक श्रोत्यांना म्हणाला, खुशाल वेडे व्हा! आजही इथली माणसं लग्नात ते वाक्य ओरडतात. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर मैदान पुन्हा उघडलं तेव्हा पार्किन्सनने थरथरणाऱ्या हातात कागद धरून त्याने स्वतःची कविता वाचली. पुढच्या जूनमध्ये गेला, तेव्हा शवपेटी मैदानातच ठेवली होती आणि माणसं रांगेने येत होती. इटालियन वस्तीत, 'द हिल'वर, एलिझाबेथ अ‍ॅव्हेन्यू नावाची गल्ली आहे. योगी बेरा आणि जो गाराजिओला हे दोन बेसबॉलपटू तिथे समोरासमोर वाढले, आणि जॅक बकही तिथे राहायचा. गल्लीतले आगीचे बंब-नळ इटलीच्या झेंड्याच्या रंगात रंगवलेले आहेत.

खेळाइतकंच या केंद्राचं दुसरं काम: १९६० मध्ये त्यांनी दुपारचं संगीत बंद केलं आणि श्रोत्यांना फोन करायला सांगितलं. डॉक्टर, महापौर, माळीकामाचा जाणकार, कुणीही समोर बसायचं आणि लोक विचारायचे. हे सदर त्याचंच छापील भावंड समजा.

मुलगा जूनमध्ये नोकरीसाठी सेंट लुईसला येतोय. त्याने कोणता पेपर लावावा? – एक वाचक, सोलापूर

पेपर लावावा असं विचारणारे तुम्ही बहुधा शेवटचे, म्हणून हात जोडते.

'पोस्ट-डिस्पॅच' लावू दे, पहिल्या पानावरच्या पक्ष्यासाठी तरी. १९०१ पासून तिथे रोज एक व्यंगचित्रातला पक्षी हवामान सांगतो आणि चार शब्दांत टोमणा मारतो. पेपर पूर्वीइतका जाड राहिलेला नाही. त्याची टकर बुलेव्हार्डवरची मोठी इमारत मुळात प्रतिस्पर्धी 'ग्लोब-डेमोक्रॅट'ची होती. तो पेपर १९८६ मध्ये बंद पडला. 'पोस्ट-डिस्पॅच'नेही २०१९ मध्ये ती इमारत सोडली आणि तिथे जागा घेतली स्क्वेअर कंपनीने, म्हणजे ट्विटरवाल्या जॅक डॉर्सीच्या कंपनीने. डॉर्सी जन्माने सेंट लुईसचाच. यावर पक्ष्याने काय टोमणा मारला असता ते मुलाला सुचेलच. तरी पाणी आटलेलं नाही: २०१४ मध्ये शेजारच्या फर्ग्युसनला मायकेल ब्राउन या तरुणाला पोलिसाने गोळी घातली, त्यानंतरच्या आंदोलनाच्या छायाचित्रांना २०१५ चं पुलित्झर मिळालं. गरिबांकडून तुरुंगातल्या मुक्कामाचं बिल वसूल करतात आणि ते भरलं नाही की पुन्हा आत टाकतात, हे लिहिल्याबद्दल टोनी मेसेंजर यांना २०१९ चं.

दुसरा 'सेंट लुईस अमेरिकन', १९२८ पासूनचं कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक. फुकट मिळतं. शहराच्या उत्तर भागात काय चाललंय ते मला आधी तिथेच कळतं. 'रिव्हरफ्रंट टाइम्स' हे खमंग साप्ताहिक १९७७ पासून होतं, ते मे २०२४ मध्ये मिटलं, तेव्हा कुणी सुचवलं तर शोधत बसू नये. मोटारीत ९०.७ लावावं, सार्वजनिक रेडिओ. पोस्ट-डिस्पॅच सोडलेल्या पत्रकारांनी २००८ मध्ये काढलेलं एक ना-नफा वृत्तस्थळ २०१३ मध्ये त्यातच विलीन झालं, म्हणून त्यांच्या बातम्यांना वजन आहे.

आणि मोबाइल असला तरी सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ घेऊन ठेवायला सांगा. चक्रीवादळाचे (टोर्नेडोचे) भोंगे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ११ ला चाचणीसाठी वाजतात, तेव्हा घाबरायचं नाही. पण १६ मे २०२५ ला खरंच वादळ आलं, फॉरेस्ट पार्कवरून व्हिलपर्यंत घरांची छपरं उडवत गेलं, माणसं दगावली, आणि त्या दुपारी शहरातले भोंगे वाजलेच नाहीत. रेडिओ आणि टीव्हीवाले बोलत होते. सेल मुंबईच्या विमानतळावर घेऊ नये, इथे स्वस्त मिळतात.